ऑरेंजचा ओ

२००६ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा बंगळूरला होतो. लेकाच्या बारशाला आई-बाबा यायचे ठरले होते, तिकिटंही काढून झाली होती, आणि चार दिवस आधी आई मिरजेच्या घरात ओल्या फरशीवर घसरली. खुब्याचं हाड मोडलं. बारसं त्यांच्याशिवाय झालं. नवऱ्याने त्याच रात्री सगळे फोटो एका संकेतस्थळावर चढवले आणि म्हणाला, "बाबांना पत्ता सांग, उद्या सायबर कॅफेत जाऊन बघतील." प्रिंट काढून पोस्टाने पाठवायला आठवडा गेला असता. बाबांचं इमेल खातं नव्हतं. मग राहिला फोन.

"हं, सांग," बाबा म्हणाले. "वही घेतली आहे."

"एच, टी, टी, पी..."

"थांब. एच. टी फॉर टायगर, दोनदा. पी फॉर पूना. पुढे?"

"कोलन."

"म्हणजे आपल्या विसर्गासारखे दोन टिंब?"

"हो हो, विसर्ग. मग दोन स्लॅश."

"स्लॅश म्हणजे तिरकी रेघ. कुठल्या बाजूला झुकलेली?"

मी रिसीव्हर खांद्यात धरून हवेत बोटाने रेघ काढून बघितली. "वरचं टोक उजवीकडे, बाबा."

ही नुसती सुरुवात होती. पुढे तीन डब्ल्यू, संकेतस्थळाचं नाव, टिंब, मग परत तिरकी रेघ, मग एक प्रश्नचिन्ह, एक बरोबरचं चिन्ह, "ते इंग्रजी आठासारखं दिसतं ना, ते", आणि शेवटी आकडे आणि अक्षरं यांची एक लांबलचक शेपटी. काही मोठी अक्षरं, काही लहान. वीस मिनिटं गेली. मांडीवर बाळ रडायला लागलं.

"आता परत म्हणून दाखवतो," बाबा म्हणाले. आणि पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटाकडे आले तेव्हा थांबले. "हा ऑरेंजचा ओ ना? शून्य नाही?"

"हो हो, ओ," मी म्हटलं. पडद्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी बाबा वही घेऊन स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत गेले. तासाचे पैसे भरले. पत्ता टाईप केला, पान सापडत नाही असा निरोप आला. परत केला. कॅफेतल्या मुलाने करून बघितला. तासभर हे चाललं. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, "आज मशीन बंद होतं."

मला हे कळलं रविवारी. मी घाईघाईने पान उघडून बघितलं.

"बाबा, ते शून्य होतं."

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "मी विचारलं होतं."

एवढंच. रागावले नाहीत. सोमवारी परत गेले, फोटो बघितले, घरी येऊन आईला एकेका फोटोचं वर्णन करून सांगितलं. पण ते तीन शब्द माझ्या कानात आजही आहेत.

*

आमचे बाबा तार ऑफिसात होते, हे नातेवाईक मंडळींना माहीत आहेच. इतरांसाठी सांगते. १९६२ साली लागले. आधी मोर्सची कट्ट-कडकट्ट, मग टेलिप्रिंटर. "मी विचारलं होतं" याचा अर्थ त्यामुळे मला नीट कळला होता. तारेतला आकडा परत म्हणून खात्री करून घ्यायची, हा त्यांच्यासाठी धंद्याचा पहिला धडा. कारण एका शून्यावर कुणाची तरी मनीऑर्डर, कुणाची गाडी, कुणाचं अंत्यदर्शन अवलंबून असायचं. त्यांनी आपलं काम चोख केलं होतं. पलीकडच्या टोकाने केलं नव्हतं, आणि पलीकडच्या टोकाला मी होते.

तेव्हापासून मला या विषयाचा नाद लागला म्हणा ना. आंतरजालावरचा पत्ता तोंडाने सांगणं इतकं अवघड का?

पहिलं कारण इंग्रजी अक्षरांच्या नावांतच आहे. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही. आठ अक्षरं, आठही 'ई'त संपणारी. एम आणि एन जुळे भाऊ. एफ आणि एस तर फोनवर ओळखूच येत नाहीत. त्यालाही कारण आहे: साधा टेलिफोन आवाजातल्या साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतच्या लहरीच पलीकडे नेतो आणि एफ-एसमधला फरक बराचसा त्याच्या वर असतो. म्हणजे आपण कितीही ओरडून "एस, एस!" म्हटलं तरी तो एस तारेत शिरतच नाही. विमानवाल्यांनी म्हणूनच अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी शब्दमाला बनवली, ती आज ज्या रूपात आहे तशी १९५६ पासून वापरात आहे. आमच्या बाबांची माला देशी. बी बॉम्बेचा, सी कलकत्त्याचा, डी दिल्लीचा, पी पूनाचा. शहरांची नावं बदलली, बाबांची माला नाही बदलली.

दुसरं कारण चिन्हं. आपल्या बोलण्यात या चिन्हांना नावंच नाहीत. हायफन म्हणजे मधली रेघ, अंडरस्कोर म्हणजे खालची रेघ, टिल्ड म्हणजे "ती नागमोडी, अगं सापासारखी". प्रत्येक घरात वेगळी नावं. सुरुवातीच्या त्या दोन तिरक्या रेघांबद्दल तर खुद्द टिम बर्नर्स-ली यांनी, म्हणजे ज्यांनी हे जाळं विणलं त्यांनीच, २००९ साली कबूल केलं की त्यांची तशी काही गरज नव्हती. जगभर किती लोकांनी किती फोनवर "स्लॅश स्लॅश" म्हटलं असेल त्याचा हिशोब करा! आणि डब्ल्यूचं तर विचारूच नका. शब्द आखडायचा तो वेळ वाचावा म्हणून. इथे 'वर्ल्ड वाइड वेब' म्हणायला जितका वेळ लागतो त्याच्या दुपटीहून जास्त वेळ 'डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू' म्हणायला लागतो.

तिसरं, मोठं अक्षर की लहान. पत्त्यात पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधी जे नाव असतं, त्यात मोठं-लहान काहीही चालतं. रेघेच्या पुढे मात्र बहुतेक ठिकाणी फरक पडतो. यूट्यूबवरच्या प्रत्येक व्हिडिओला अकरा अक्षरांची खूण असते, त्यात मोठी अक्षरं, लहान अक्षरं, आकडे, मधली रेघ, खालची रेघ, सगळी भेळ. ती फोनवर सांगून बघा एकदा.

आणि मग आपलं मराठीपण. समजा पत्त्यात 'लक्ष्मी' आहे. एक्सवाली लक्ष्मी की के-एस-एचवाली? 'दीपक'मध्ये दोन ई की एक आय? 'माझी' म्हणजे झेड, की जे-एच, की झेड-एच? कानाला एकच शब्द, पण रोमन लिपीत त्याची चार-चार रूपं, आणि चारांतलं एकच बरोबर.

मग सरळ देवनागरीतच लिहावं की! मलाही तसंच वाटलं होतं. २०१४ साली '.भारत' हे देवनागरी नामविश्व सुरू झालं, मराठी आणि कोकणीसाठीही. मी हौसेने बाबांना सांगितलं. पण पडद्यामागे यंत्रं अजून रोमन अक्षरांतच एकमेकांशी बोलतात. 'भारत'चं तिथलं रूप आहे एक्स, एन, मधल्या दोन रेघा, एच, दोन, बी, आर, जे, नऊ, सी. एरवी ते आपल्याला दिसत नाही. पण मराठी विकिपीडियावरच्या एखाद्या पानाचा पत्ता चिकटवून कुणाला पाठवा, कितीदा तरी टक्क्यांच्या चिन्हांचा पाऊस पडतो. एकट्या 'म'ला नऊ खुणा लागतात: टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का ए ई. 'मुंबई' हा पाच खुणांचा शब्द, म, उकार, अनुस्वार, ब, ई. त्याच्या झाल्या पंचेचाळीस. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते खूप हसले. "आणि मी तुला मगरीतला म शिकवायला एक आठवडा घालवला होता!"

*

मध्यंतरी पत्ते आखडण्याची सोय आली. २००२ साली केव्हिन गिल्बर्टसन या अमेरिकन तरुणाने टायनीयूआरएल सुरू केलं. तो एकचाकी सायकल चालवणारा, त्याला त्या छंदाच्या चर्चांचे लांबलचक पत्ते मित्रांना देता येईनात, म्हणून. मग २००८ मध्ये बिटली आलं. त्याच्या नावातलं शेवटचं 'एल वाय' हे खरं लिबिया देशाचं. मी मोठ्या उत्साहाने बाबांना समजावून सांगितलं की आता लांब पत्त्याला एक छोटी खूण मिळते, ती टाकली की यंत्र आपोआप मूळ जागी नेतं.

बाबा म्हणाले, "यात नवीन काय? आमच्याकडे होतं हे."

आणि खरंच होतं. शुभेच्छांच्या तारांची छापील यादी असायची, प्रत्येक मजकुराला नंबर. लग्नाचा वेगळा, दिवाळीचा वेगळा. तारेतून जायचा नुसता नंबर, पलीकडे उमटायचं अख्खं वाक्य. मोठमोठ्या पेढ्यांचे तारेचे पत्तेही एका शब्दाचे असायचे. वर्षाची फी भरून तो शब्द नोंदवायचा. जुन्या लेटरहेडवर फोन नंबरच्या शेजारी छापलेला असायचा, तुम्ही बघितला असेल. तारेत शब्दाला पैसे पडायचे, त्यामुळे पत्ता छोटा हवा, आणि तो खिडकीवर किंवा फोनवर तोंडी सांगितला जायचा, त्यामुळे उच्चारता येईल असा हवा.

"पण एक सांग," बाबा म्हणाले होते. "आमच्या यादीत आठ नंबरला काय आहे ते मला पाठ असायचं. तुझ्या या छोट्या पत्त्याच्या पलीकडे काय आहे ते जायच्या आधी कसं कळणार?"

तेव्हा मी काहीतरी उत्तर देऊन विषय संपवला होता.

पुढे ती वेळही गेली. कॉपी-पेस्ट आलं, व्हॉट्सॲप आलं. चौकोनी क्यूआर कोड तर भाजीच्या गाडीवर लटकायला लागला. तोही मुळात १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने मोटारींचे सुटे भाग मोजायला काढलेला. आता पत्ता बोलायची गरज उरली नाही. २०१३ च्या जुलैमध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा बाबा दिवसभर गप्प होते. आमचं ते "टी फॉर टायगर" प्रकरणही त्याच सुमाराला घरातून गेलं. मी दुवा पाठवायची, बाबा टिचकी मारायचे. वीस मिनिटांचं काम एका सेकंदात. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंच वाटलं होतं.

*

आता २०२२. बाबा ऐंशीचे. आई नाही आता, २०१९ मध्ये गेली. बाबा एकटे मिरजेत, शेजारी चांगले आहेत म्हणून आम्ही निश्चिंत. एका संध्याकाळी सातच्या सुमाराला फोन.

"अगं, वीज कंपनीचा निरोप आलाय मोबाइलवर. मागचं बिल भरलं नाही, रात्री साडेनऊला लाईट तोडणार. खाली पत्ता दिलाय, तिथे जाऊन भरा म्हणतात."

"बिल भरलं होतंत ना?"

"भरलं होतं. पावती आहे. पण त्यांच्याकडे चढलं नसेल. अंधारात बसायचं म्हणजे..." त्यांचा आवाज जरा घाबरलेला होता. आई गेल्यापासून रात्रीच्या अंधाराची त्यांना थोडी धास्ती आहे. ते कबूल करत नाहीत, पण आहे.

"मग फोन कशाला केलात?" असं मी विचारणार होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "भरण्याआधी एकदा परत म्हणून दाखवतो. तू ऐक."

मी ऑफिसातून निघत होते. एका हातात पिशवी, एका हातात फोन. क्षणभर तेच जुनं ओठांवर आलं, हो हो बाबा. पण थांबले. जिन्यात बसले. "सांगा," म्हटलं. "एकेक अक्षर सांगा."

त्यांनी भिंग घेतलं आणि सुरू केलं. टी फॉर टायगर. मी पिशवीतला कागद काढून लिहून घेतलं. वीज कंपनीचं नाव आलं, बरोबर होतं. मग मधली रेघ. मग 'बिल'. मग परत मधली रेघ. मग ऑनलाइन म्हणून काहीतरी, आणि तिथे बाबा थांबले.

"हा ऑरेंजचा ओ नाही. हे शून्य आहे. बारीक आहे, पण शून्यच आहे."

माझ्या अंगावर काटा आला. सोळा वर्षांनी तोच शून्य.

"बाबा, त्याला हात लावू नका."

पुढचं मी त्यांना नंतर समजावलं, इथेही लिहून ठेवते, कारण मावशी, तू वाचणार आहेस आणि तुलाही असले निरोप येतात. पत्ता खरा कुणाचा हे सुरुवातीच्या नावावरून ठरत नाही. ती पहिली एकेरी तिरकी रेघ शोधायची, आणि तिथून उलटं, मागे वाचायचं. रेघेच्या लगेच आधी जे 'टिंब इन', 'टिंब कॉम' असेल, त्याच्या आधीच्या टिंबापर्यंतचा अख्खा तुकडा म्हणजे मालक. मधल्या रेघा त्या तुकड्यातच धरायच्या. त्याच्या डावीकडे कुणीही, कुठल्याही मोठ्या कंपनीचं नाव लावू शकतं. काही टिंबांनंतर 'गव्ह टिंब इन' असेल तर बहुधा सरकारी, पण तेही शेवटाकडेच हवं, सुरुवातीला नाही. आणि आखडलेला छोटा पत्ता असेल तर यातलं काहीच दिसत नाही. बाबांनी विचारलेला प्रश्न हाच होता, आणि त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नव्हतं. चौकोनी कोडचंही तेच. तो डोळ्याने वाचता येत नाही, तोंडाने सांगता येत नाही.

त्या रात्री साडेनऊ वाजले. मी फोन चालूच ठेवला होता. बाबा म्हणाले, "दिवे आहेत." मग दहा वाजेपर्यंत आम्ही इकडचं तिकडचं बोललो. किती महिन्यांनी इतका वेळ बोललो असू कोण जाणे. दुवे पाठवायला लागल्यापासून फोन छोटेच झाले होते.

*

मला आता असं वाटतं की पत्ता बोलून दाखवण्याचा तो सगळा वैताग फुकट नव्हता. बोलताना माणूस एकेका अक्षरापाशी थांबतो. टिचकी मारताना कुणी थांबत नाही, आणि फसवणारे नेमके त्याच्यावर जगतात. अर्थात, आता प्रत्येक दुवा कुणी फोनवर वाचून दाखवणार नाही, दाखवूही नये. पण जिथे पैसे भरायचे किंवा कुठला नंबर टाकायचा, तिथे आमच्या घरात नियम झालाय: आधी कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायचा. उच्चारता येत नाही असा पत्ता असेल तर तिथे जायचंच नाही, कंपनीचं ॲप उघडून किंवा बिलावर छापलेला पत्ता स्वतः टाईप करून जायचं. लेकाला हा नियम जुनाट वाटतो. तोच तो बारशाच्या फोटोंतला, आता कॉलेजात जातो. पण आजोबांचा फोन आला की तो पाळतो.

जे लोक असे पत्ते आणि खुणा बनवतात त्यांनाही एक सांगावंसं वाटतं. माणसाने वाचायच्या खुणेतून ओ, आय आणि एल ही अक्षरं वगळून टाका, म्हणजे शून्य आणि एकाशी त्यांचा घोळ होत नाही. डग्लस क्रॉकफर्ड नावाच्या संगणकतज्ज्ञाने अशी अक्षरमाला करून ठेवलेली आहेच. वापरायला पैसे पडत नाहीत.

असो. परवा बाबांना मी एक माहिती सांगितली आणि ते जाम खूश झाले. इमेलमधल्या ॲटच्या चिन्हाला मोर्समध्ये खूणच नव्हती. २००४ मध्ये ती अधिकृतपणे घेतली गेली, ए आणि सी एकत्र जोडून. बाबांनी लगेच टेबलावर बोटाने वाजवून दाखवलं. कट्ट, कड, कड, कट्ट, कड, कट्ट.

"परत वाजवा," मी फोनवरून म्हटलं. "मी लिहून घेते."

त्यांनी परत वाजवलं. मग मी माझ्या टेबलावर वाजवून दाखवलं, आणि ते बरोबर म्हणेपर्यंत थांबले.

तुमच्या घरी तिरक्या रेघेला काय म्हणतात? नक्की कळवा. आणि कुणी "ऑरेंजचा ओ ना?" असं विचारलं, तर पडद्याकडे बघून मगच हो म्हणा. :-)